चौथा फोन

आमच्या आवाराला दोन फाटकं आहेत. एकातून बिल्डरने विकायला बांधलेल्या टॉवरमधली माणसं गाडीने आत जातात, दुसऱ्यातून आम्ही, जुन्या चाळीतली बहात्तर बिऱ्हाडं, पिशव्या घेऊन पायी. करी रोडच्या पुलावरून पाहिलं तर टॉवर तेवढा दिसतो, आमची इमारत त्याच्या मागे झाकली जाते. तक्रार नाही. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीच्या जागी चारशे पाच फुटांचं घर मिळालं, संडास घरात आला. मी पतपेढीत कॅशियर होते. नफा आणि तोटा मला वेगवेगळे दिसतात. हा नफाच होता. आणि तो पदरात पडला माझ्या नवऱ्यामुळे, हे तेव्हा बहात्तरही घरांना माहीत होतं.

तो सोसायटीचा सेक्रेटरी होता. चाळ पाडायच्या आधीपासून ते नव्या घरांच्या चाव्या मिळेपर्यंत. बिल्डरच्या ऑफिसातून सांगितलं होतं, तोंडी काही चालणार नाही, सगळं ईमेलवर. तेव्हा सोसायटीचा ईमेल उघडला तो त्यानेच, स्वतःच्या फोनवर. तेव्हापासून जेवतानाही ताटाच्या उजवीकडे फोन. टिंग वाजलं की घास तसाच ठेवून तो डाव्या हाताने चष्मा लावायचा. भाजी गार व्हायची. बिल्डर मात्र एकदाही म्हणू शकला नाही की सोसायटीचं उत्तर आलं नाही.

नव्या इमारतीत आल्यावर पहिलीच निवडणूक झाली आणि तो पडला. त्याला एकोणीस मतं मिळाली. मी त्या संध्याकाळी बसून हिशेब केला. आमच्या नात्यातली, गावची आणि आमच्याकडे येऊन चहा पिणारी घरं तेवीस होत होती. म्हणजे चार घरांनी चहा पिऊन मत दुसऱ्याला दिलं. ती चार कोणती हे मला कळलं आहे. अजूनही त्यांना चहा देते.

नवा सेक्रेटरी चाळीत आमच्या समोरच्याच खोलीत वाढलेला. लहानपणी माझ्याकडे गणित शिकायला यायचा, तेराच्या पाढ्यावर अडायचा. आता कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या पगारावर. निवडून आला आणि त्याच आठवड्यात लॅपटॉप घेऊन घरी आला. माझ्या पाया पडला. बाहेर चपला नीट जोडून ठेवल्या होत्या. तसा वळणाचा होताच.

"काका, ईमेलचा पासवर्ड बदलून घेतो. म्हणजे उद्या काही झालं तर तुमच्यावर नको."

"माझ्यावर काय येणार आहे?" नवरा म्हणाला.

"म्हणूनच म्हणतो ना. नकोच."

त्याने टेबलावर लॅपटॉप उघडला, काही टाइप केलं आणि म्हणाला, "आता तुमच्या फोनवर विचारेल. तुम्हीच आहात का? हो म्हणा."

नवऱ्याने चष्मा लावला. फोनच्या पडद्यावर खरंच तो प्रश्न आला होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अंगठा टेकवला. हो, मीच. इकडे लॅपटॉपवर पासवर्ड बदलला गेला. सेक्रेटरीने कांदेपोहे खाल्ले, दुसऱ्यांदा मागून घेतले आणि गेला. फोनमधून तो ईमेल काढायला तो विसरला. पासवर्ड बदलला की बाकी सगळीकडून आपोआप बाहेर पडतं, असं त्याला वाटलं असणार. बहुतेकांना तसंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना टिंग वाजलं.

लिफ्टच्या कंपनीचा मेल होता, नव्या कमिटीला. नवऱ्याने तो दोनदा वाचला. घास हातात तसाच.

"अहो, हे बंद करा," मी म्हटलं. "तुम्हाला नाही तो."

"बंद करायचं असतं तर त्याने केलं नसतं? कॉम्प्युटरमधला माणूस आहे तो."

"विसरला असेल."

"विसरला नाही. ठेवलाय." त्याने भात कालवायला घेतला. "त्यांना तोंडाने म्हणता येत नाही, काका, तुम्ही हवेत. म्हणून ठेवलाय. काढणं वेगळं, आणि न काढणं वेगळं."

मी पतपेढीत असताना एक माणूस रोज काउंटरवर येऊन विचारायचा, माझ्या खात्यात काही आलं का. काही यायचं नाही. तो म्हणायचा, बंद नाही ना झालं, मग झालं. मला तो आठवला. पण हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. निवडणुकीनंतर त्या दिवशी तो पहिल्यांदा पोटभर जेवला होता.

मेल येत राहिले. पाण्याच्या टाकीची सफाई, गच्चीची गळती, बिल्डरने न दिलेला जिन्याचा दिवा. तो सगळं वाचायचा आणि मला वाचून दाखवायचा. "बघ, काय लिहिलंय. 'किंडली डू द नीडफुल.' अशाने गळती थांबते? तारीख मागायला हवी होती." उत्तर मात्र त्याने एकालाही दिलं नाही. त्यात तो चोख होता. वाचायचा फक्त.

पण वाचलेलं पोटात राहत नाही. एकदा खाली लॉबीत खजिनदारबाई भेटल्या. नवरा सहज बोलून गेला, "गुरुवारी पंपवाला येतोय, तेव्हा जुना व्हॉल्व्हही दाखवा त्याला." पंपवाला गुरुवारी येणार हे कमिटीलाच आदल्या दिवशी मेलवर कळलं होतं. बाई म्हणाल्या, "हो का?" आणि लिफ्टमध्ये शिरल्या. लिफ्टचं दार मिटेपर्यंत त्या त्याच्याकडे बघत होत्या. मी शेजारी उभी होते. घरी आल्यावर मी पुन्हा म्हटलं, काढा ते. तो म्हणाला, "व्हॉल्व्ह बदलला तर फायदा कोणाचा?"

त्यानंतर पूजेचा मेल आला.

चाळीत दरवर्षी सत्यनारायण व्हायचा. पूजेला एक जोडपं बसायचं, आणि ते कोण हे चाळ ठरवायची. बाहेरच्याला यात काही वाटणार नाही. पण आमच्याकडे पूजेला बसलेलं जोडपं वर्षभर वेगळं दिसायचं. नळावर त्या बाईला पुढे जाऊ द्यायचे. आमचा क्रम एकदाच आला होता आणि त्याच आठवड्यात सासूबाई गेल्या. सुतकात पूजा कुठली? आमच्या जागी पलीकडच्या खोलीतले बसले. पुढे चाळ पाडली, आम्ही संक्रमण शिबिरात गेलो आणि पूजाच बंद पडली. नव्या इमारतीत ती पहिल्यांदा होणार होती.

मेल सेक्रेटरीने सोसायटीच्याच ईमेलवरून कमिटीच्या बाकीच्यांना लिहिला होता. नवऱ्याने फोन माझ्या हातात दिला. "तूच वाच," म्हणाला.

"नव्या वास्तूतील पहिल्या पूजेचा मान आपल्या माजी सेक्रेटरींना व त्यांच्या पत्नींना द्यावा असे ठरले आहे. त्यांनी केलेल्या कामाची ही पोच आहे. मात्र त्यांना आधी कोणीही सांगू नये. पूजेच्या दिवशी सकाळी आपण सगळे वर जाऊन त्यांना सन्मानाने खाली घेऊन येऊ."

मी ते तीनदा वाचलं. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, ती लिहायलाच हवी. कमिटीचे मेल इंग्रजी अक्षरांत असायचे, अर्धे इंग्रजी, अर्धे मराठी, शेवटी अंगठ्याचं चित्र. हा एकच देवनागरीत होता. व्याकरण शुद्ध, पूर्णविराम जागच्या जागी. नोट खोटी असली की बोटांना कळतं, मशीन नंतर सांगतं. माझ्या बोटांना कळलं होतं. पण मलाही बसायचं होतं पूजेला.

"पोच म्हणतात बघ," नवरा म्हणाला. "शब्द चांगला वापरलाय."

त्याने लालबागच्या दुकानातून रेशमी कद आणला, मोरपंखी काठाचा. मी दादरला जाऊन वेणी सांगून ठेवली. नथ चमकवून घेतली. कोणाला काही सांगायचं नव्हतं, कारण आम्हाला माहीत नव्हतं असं ठरलं होतं. तरी त्याने गावाला बहिणीला फोन केलाच. "कोणाला बोलू नको, पण आम्ही बसतोय." बहीण तिकडून एवढ्या मोठ्याने बोलली की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं, "दादा, फोटो धाड हां. आईच्या फोटोपुढे ठेवतंय."

पूजेच्या दिवशी मी उपाशी. त्यानेही चहा घेतला नाही. आंघोळी झाल्या, तो कद नेसून, उपरणं घेऊन सोफ्याच्या कडेवर बसला. टेकला नाही, कदाला सुरकुत्या पडतील म्हणून. मी नऊवारी नेसून दाराजवळच्या खुर्चीवर. दार किलकिलं ठेवलं होतं. लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की आम्ही दोघं उभं राहायचो. दूधवाला आला. समोरच्यांचा पाहुणा आला. मग खालून भटजींचा आवाज यायला लागला, माइकवर. आचमन, संकल्प.

"सुरू केलं की काय?" तो म्हणाला.

"माइक तपासत असतील."

"संकल्प सोडला गं. मी ऐकला."

"मग बसलं असेल कोणीतरी."

"धांदलीत राहिलं असेल बोलवायचं. आपणच जाऊ. आपलं घरचंच कार्य आहे."

मी त्याला थांबवू शकले असते का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. नसते. तो लिफ्टपर्यंत पोचला होता.

खाली हॉलमध्ये सगळी इमारत होती. चौरंगाला केळीचे खांब बांधलेले आणि पाटावर सेक्रेटरीचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको, लग्न होऊन वर्ष न झालेली. आम्ही दारात उभे राहिलो. मी नथ घातलेली, तो मोरपंखी काठाच्या कदात. माना वळल्या. कोणी आश्चर्याने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आश्चर्य कोणालाच वाटलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या बाया ओठ दाबून बसल्या होत्या. म्हणजे ठाऊक होतं. किती जणांना, ते मी मोजलं नाही. आयुष्यात एवढी एकच मोजणी मी सोडली.

सेक्रेटरी पुढे आला. "या या, काका! काकू! अरे वा, एवढी तयारी? कुठे लग्नाला निघालात?"

मागून कोणीतरी खोकला काढला. मग हसू फुटलं.

चाळीतल्या एक म्हाताऱ्या आजी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नसावं. त्यांनी माझा हात धरून मोठ्याने विचारलं, "बाये, तुका कोणी सांगल्यान?"

त्याचं उत्तर मी देऊ शकत नव्हते. कोणी सांगितलं नव्हतंच. आम्ही वाचलं होतं.

नवरा मागच्या रांगेत जाऊन बसला, मी त्याच्या शेजारी. पूजा चालली, कथा झाली. प्रसाद न घेता गेलेल्याचं काय होतं, ते कथेत असतंच. आरतीनंतर शिऱ्याचा द्रोण हातात आला. सत्यनारायणाचा प्रसाद नाकारायचा नसतो. माझा उपवास त्या शिऱ्याने सुटला. शिरा चांगला झाला होता, हेही सांगते. केळं घालून, तूप सढळ.

मग सेक्रेटरीने लॅपटॉप भिंतीवरच्या टीव्हीला जोडला. जुन्या चाळीचे फोटो दाखवणार होता. दाखवले. दहीहंडी, नळावरची रांग, पाडकाम. लोक ओळखीचे चेहरे शोधत होते. फोटो संपल्यावर त्याने सोसायटीचा ईमेल उघडला.

"आता एक गंमत," तो म्हणाला. "आपला ईमेल कुठे कुठे चालू आहे याची यादी असते. ही बघा. लॅपटॉप सोडा, फोन मोजा. हा माझा फोन. हा खजिनदारमॅडमचा. हा चेअरमनसाहेबांचा. आणि हा चौथा." टीव्हीवर एका जुन्या मॉडेलचं नाव होतं. खाली लिहिलं होतं: मुंबई, आत्ता वापरात. "आम्ही घाबरलो. म्हटलं हॅकर आला. एवढ्या जुन्या फोनवरून हॅकिंग कोण करतो, हे समजेना."

हॉल हसला.

"ज्यांचा असेल त्यांनी हात वर करा."

आणि नवऱ्याने हात वर केला. शाळेत करतात तसा, कोपर सरळ. उपरणं खांद्यावरून घसरलं. मी त्याचा दंड खाली ओढला, पण हात खाली येईना.

"काका, काका!" सेक्रेटरी अगदी प्रेमाने म्हणाला. "पासवर्ड बदलताना तुमच्याच फोनवर हो दाबलंत ना? त्या फोनला सिस्टिम घरचा मानते. बाकीच्यांना बाहेर काढते, त्याला नाही काढत. आम्हालाही नंतर वाचून कळलं. काढायचा का? बटण हे इथे आहे. एक क्लिक."

नवऱ्याने टीव्हीकडे पाहिलं. आपल्या फोनचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत त्याने प्रथमच पाहिलं असेल.

"राहू दे," तो म्हणाला. "काही अडलं तर."

या वेळी हसू मोठं होतं. पहिल्यापेक्षा मोठं, आणि त्यात आमच्या गावची घरंही होती.

"ठीक आहे. काका म्हणतात राहू दे, तर राहू दे," सेक्रेटरी म्हणाला, आणि लॅपटॉप मिटला.

वर आल्यावर मी वेणी काढून केराच्या डब्यात टाकली. संध्याकाळी बहिणीचा फोन आला, फोटोसाठी. नवरा म्हणाला, "गर्दीत कोणाला काढायला जमलं नाही." मग बराच वेळ तिला नैवेद्याला काय काय होतं ते सांगत बसला.

काही दिवसांनी मी त्याला एकदाच स्पष्ट विचारलं, "तुमची फजिती करायला लिहिला होता तो मेल. समजलं ना?"

"समजलं."

"मग काढा तो फोनमधून. तुम्हाला येत नसेल तर मी काढते."

"त्याने सगळ्यांसमोर विचारलं की नाही, काढायचा का? म्हणजे आता त्यांच्या परवानगीने आहे."



पुढच्या मेलांची तऱ्हा बदलली. सेक्रेटरी खजिनदारबाईंना लिहायचा, "बुधवारी टँकर येणार आहे, कोणीतरी खाली असलं तर बरं." बाई उत्तर द्यायच्या, "मी ऑफिसात. कोणीतरी असेल." बुधवारी नवरा पाइप धरून खाली उभा. "लिफ्टवाल्याच्या सहीला कोणीतरी लागेल." नवरा सहीला. "गच्चीची किल्ली वॉचमनकडून आणून ठेवायला हवी." किल्ली आमच्या खुंटीवर. त्याला कोणी एकदाही सांगितलं नाही. एकदाही आभार मानले नाहीत, कारण सांगितलंच नव्हतं. कमिटीवर सात माणसं आहेत. इमारतीचं काम एक माणूस करतो, आणि तो कमिटीवर नाही.

लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटला तेव्हा मी म्हटलं, "तेराचा पाढा आला का रे?"

तो हसला. "काकू, आता पाढे कोण म्हणतं? काम दुसऱ्याकडून करून घेता आलं की झालं."

यंदा पूजेचा मेल आला तेव्हा नवरा फोन घेऊन माझ्याकडे आला नाही. मीच विचारलं, "कोण बसतंय?"

"खजिनदारबाई."

"आणखी काय लिहिलंय?"

"खुर्च्या सकाळी लावून घेतल्या तर बरं, असं लिहिलंय."

पूजेच्या दिवशी तो जुनी पँट घालून लवकर खाली गेला. मी कांदेपोहे केले आणि ताट भरून खाल्ले. माइकवरून संकल्प ऐकू आला तेव्हा मी दुसऱ्यांदा वाढून घेत होते. खाली गेले नाही.

दुपारी दाराची बेल वाजली. नवरा होता. त्याच्याकडे किल्ली असते, तरी बेल वाजवली होती. एका हातात मोठं पातेलं, दुसऱ्यात द्रोणांची चळत. घाम आलेला.

"प्रसाद," तो म्हणाला. "उरलेला प्रसाद मजल्यामजल्यावर पोचवला तर बरं, असं आलंय."

त्याने एक द्रोण भरून माझ्या हातात दिला, समोरच्या घराची बेल वाजवली, त्यांनाही दिला, आणि लिफ्टचं बटण दाबून वरच्या मजल्यावर गेला.